डीपी रोडखालची जमीन: पैसे शहरानं कधी अन् कुठून आणायचे? (नागपूर)

मानेवाडा_ताई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या बाबांनी १९९४ साली मानेवाड्याच्या पुढे एक प्लॉट घेतला, २४०० स्क्वेअर फूट. तेव्हा तिकडे तूर अन् पऱ्हाटीच होती, संध्याकाळी सातनंतर ऑटोवाला यायला तयार नसायचा. ले-आऊट मंजूर नव्हता हे बाबांना माहीत होतं, पण तेव्हा अर्ध्या नागपूरनं असेच प्लॉट घेतले. पुढे गुंठेवारीत नियमित करायला कागद दिले तेव्हा कळलं की २००० साली मंजूर झालेल्या शहराच्या डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये (डीपी) आमच्या प्लॉटच्या पूर्वेकडून २४ मीटरच्या रोडची रेषा गेली आहे आणि त्यात आमचे जवळजवळ अकराशे फूट जातात. उरलेल्या तुकड्यावर घर बांधायचं तर समोरची जागा सोडून मग काय उरते ते बघा. बाबांनी बांधलं नाही. दरवर्षी एका कार्यालयात जायचे, "रोड केव्हा होणार" विचारायचे, अन् दरवर्षी एकच उत्तर यायचं, निधी आला की. २०१९ ला बाबा गेले. त्यांच्या डायरीत प्रत्येक चकरेची तारीख लिहिलेली आहे, एकवीस चकरा आहेत.

मी एका पतसंस्थेत हिशोबाचं काम करते, त्यामुळे रागावण्यापेक्षा आधी आकडे मांडले. समजा २४ मीटरचा एक किलोमीटर रोड. म्हणजे २४,००० चौरस मीटर, ढोबळ सहा एकर. ही जमीन शेती असतानाच घेतली असती अन् एकरी ५० लाख भाव धरला तरी तीन कोटी. आज तिथे प्लॉट पडलेत, फुटाला २००० रुपये धरा (हा मी धरलेला आकडा आहे, तुमच्या भागात वेगळा असेल), तर २ लाख ५८ हजार फुटाचे ५१ कोटी ६० लाख, अन् नव्या भूसंपादन कायद्यानं त्यावर तेवढंच दिलासा रक्कम म्हणून, म्हणजे शंभर कोटीच्या वर. डांबर, गिट्टी, नाल्या, दिवे हे सगळं वेगळं.

तर माझा प्रश्न असा आहे. रेषा काढली तेव्हाच शहराला माहीत होतं की ही जमीन लागणार. मग त्या दिवसापासून थोडे थोडे पैसे बाजूला का नाही ठेवले? आम्ही पोरीच्या लग्नासाठी, शिक्षणासाठी आरडी काढतो ना. रोडच्या जमिनीसाठी शहराची आरडी का नसावी? अन् नसेल तर जगात बाकीची शहरं हे कसं करतात? माहितगारांनी लिहावं.

इतवारी_भाऊ

ताई, एकवीस चकरा वाचून कसंतरीच झालं. वाचून राह्यलो.

धंतोलीचा_वकील

ताई, आधी कायद्यात काय आहे ते सांगतो म्हणजे पुढची चर्चा नीट होईल.

एमआरटीपी, म्हणजे १९६६ चा नगर रचना कायदा. त्याच्या कलम १२६ मध्ये आरक्षणाखालची जमीन घ्यायचे तीनच रस्ते आहेत. एक, मालकाशी बोलणी करून पैसे देऊन. दोन, पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायचा विकता येणारा हक्क) किंवा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) देऊन. तीन, राज्य सरकारकडे अर्ज करून सक्तीचं भूसंपादन. तिसऱ्याला आता २०१३ चा कायदा लागतो, १ जानेवारी २०१४ पासून. त्यात शहरी भागात बाजारभाव, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणि बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे. १८९४ च्या जुन्या कायद्यात दिलासा फक्त ३० टक्के होता. म्हणून २०१४ नंतर सगळ्याच महापालिकांचा ओढा टीडीआरकडे गेला, कारण त्याला तिजोरीतून रुपया काढावा लागत नाही.

आता कलम १२७. प्लॅन लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. सूचना पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घ्यायची ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, जमीन मोकळी. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं २४. आणि "पावलं" म्हणजे नुसती पत्रापत्री नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. सूचनेसोबत मालकीचे कागद जोडावेच लागतात, तिथे बरेच लोक चुकतात.

तुमच्या बाबांनी एकवीस चकरांऐवजी एक सूचना दिली असती तर, असं मनात आलं. पण त्यांना कोणी सांगितलंच नसणार.

मानेवाडा_ताई

नाही सांगितलं कोणी. आणि वकील साहेब, सांगितलं असतं तरी बाबांनी दिली असती का मला शंका आहे. त्यांना रोड हवा होता हो. रोड रद्द व्हावा म्हणून ते जात नव्हते, रोड व्हावा अन् आपला हिशोब मिळावा म्हणून जात होते. कलम १२७ नं आमची जमीन सुटेल पण मग मागच्या दीडदोनशे घरांचा रोड मधेच तुटेल ना?

धंतोलीचा_वकील

बरोबर आहे, तसंच होतं. एक तुकडा सुटला की अलीकडे रोड, पलीकडे रोड, मधे कोणाचं तरी कंपाऊंड. मग ती दोनशे फूट जमीन पुन्हा आरक्षित करा, पुन्हा हरकती, पुन्हा दर वाढलेला.

खसरा_नंबर

मी मोजणीच्या कामात आयुष्य काढलं, रिटायर आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली जुनी आहे. आपल्या नागपूरला हे सगळं नवीन नाही बावा. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं झाली. त्या पिढीचे जे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे कायदे होते, कलकत्त्याचा १९११ चा, पंजाबचा १९२२ चा, त्यांची पद्धतच अशी होती की ट्रस्टनं नुसती रोडपुरती जमीन घ्यायची नाही, रोडच्या दोन्ही बाजूची पण घ्यायची, रोड काढायचा, अन् बाजूचे प्लॉट वाढलेल्या भावानं विकून किंवा लीजवर देऊन रोडचे पैसे काढायचे. ज्यांची जमीन घेतली नाही पण रोडमुळे भाव वाढला त्यांच्याकडून बेटरमेंट चार्ज. सेंट्रल एव्हेन्यू तुम्ही रोज पाहता ना, तो असाच स्ट्रीट स्कीममधून निघालेला रोड आहे. अन् पंजाबच्या कायद्यात तर "डिफर्ड स्ट्रीट स्कीम" म्हणून वेगळा प्रकारच होता, म्हणजे आज आखायचा अन् पुढे केव्हातरी बांधायचा असा रोड. ताई, तुम्ही जे विचारून राह्यल्या ते त्या लोकांनी शंभर वर्षांआधी कायद्यात लिहून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट ले-आऊटची. शेतमालक अन् एजंट मिळून पूर्ण खसऱ्याचे प्लॉट पाडत, नकाशात डीपीची रेषा असली तरी तिच्यावर पण प्लॉट. घेणाऱ्याला पार्ट प्लॅन (डीपीचा त्या जागेपुरता नकाशा) काय असतो ठाऊक नाही. तो पटवाऱ्याकडून सातबारा पाहतो, सातबाऱ्यावर रेषा दिसतच नाही. आपल्याकडे जे ५७२ अन् १९०० अनधिकृत ले-आऊट म्हणतात त्यात असे किती प्लॉट निघतील. एका शेतमालकाकडून सहा एकर घेणं सोपं होतं. आता त्याच सहा एकरात दीडशे रजिस्ट्र्या आहेत, काहींत वारस चार चार, एक भाऊ पुण्याला एक दुबईला. जमिनीचा भाव वाढतो तो वाढतोच, पण मालकांची संख्या वाढते हे जास्त महाग पडते. मोजणीच्या वेळेस मी डोळ्यांनं पाह्यलं आहे, रोड अडतो तो पैशानं कमी अन् सह्यांनी जास्त.

मानेवाडा_ताई

काका, हे सह्यांचं मी धरलंच नव्हतं हिशोबात. खरं आहे, आमच्याच प्लॉटला आता आम्ही तिघी बहिणी अन् आई.

आकडेमोड_सीए

ताईंच्या आरडीच्या प्रश्नावर थोडं लांब लिहितो.

समजा आज जमीन १ रुपयाला आहे. भाव वर्षाला १० टक्क्यांनी वाढला तर वीस वर्षांनी ६ रुपये ७३ पैसे. तोच रुपया ८ टक्के व्याजानं कर्ज काढून आज दिला आणि वीस वर्षांनी व्याजासकट फेडला तर ४ रुपये ६६ पैसे. म्हणजे जिथे जमिनीचा भाव व्याजापेक्षा जोरात वाढतो तिथे कर्ज काढूनही आधी घेणं स्वस्त. शहराच्या कडेला शेतीची एनए (बिगरशेती) होते तेव्हा भाव १० टक्क्यांनी नाही, एका झटक्यात काही पटीनं वाढतो, तिथे तर प्रश्नच नाही. पण जुन्या वस्तीत, जिथे भाव आधीच चढलेला आहे आणि आता महागाईइतकाच वाढतोय, तिथे कर्ज काढून वीस वर्षं आधी जमीन घेऊन ठेवणं तोट्याचं होईल. सरसकट उत्तर नाही, कडेला आधी घ्या, गावात बांधायच्या वेळेस घ्या, असं मी म्हणेन.

कर्ज मिळतं का? मिळतं. पुणे महापालिकेनं २०१७ साली २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यानं काढले, पण ते पाण्याच्या योजनेसाठी. तिथे पाणीपट्टी येते, रोखेदाराला दिसतं की व्याज कुठून येणार. रिकाम्या पट्ट्यावर वीस वर्षं काहीच येत नाही, म्हणून निव्वळ भविष्यातल्या रोडच्या जमिनीसाठी रोखे काढणं अवघड. त्याला वेगळा फंड लागतो.

असा फंड अमेरिकेत मिनेसोटात आहे. मिनियापोलिस अन् सेंट पॉल ही जोड शहरं, त्यांच्या महानगर परिषदेकडे १९८२ पासून एक फिरता निधी आहे. हायवेच्या ठरलेल्या मार्गात एखाद्या जमिनीवर बांधकाम होणार असं दिसलं की त्या गावाच्या नगरपालिकेला या निधीतून बिनव्याजी कर्ज मिळतं. नगरपालिका जमीन घेऊन ठेवते. हायवे खातं बांधायला येतं तेव्हा ती जमीन विकत घेतं, नगरपालिका कर्ज फेडते, पैसा निधीत परत, पुढच्या जमिनीला तयार. निधी उभा केला तो महानगरातल्या मालमत्तांवर छोटा कर बसवून. एकदा भरला की फिरतो. ताई, ही तुमची आरडीच आहे, फक्त ती मोडून खर्च होत नाही.

ऑस्ट्रेलिया_वऱ्हाडी

मूळचा नंदनवनचा, बारा वर्षं झाली पर्थला आहे. सीए साहेबांच्या माहितीत भर घालतो.

इथे १९५५ साली महानगराचा प्लॅन झाला आणि १९५९ मध्येच त्यासाठी वेगळा कर आणला, मेट्रोपॉलिटन रीजन इम्प्रूव्हमेंट टॅक्स. अजून चालू आहे. ज्याला लँड टॅक्स लागतो त्यालाच हा लागतो, राहत्या घराला नाही, अन् फक्त महानगर हद्दीत. तीन लाख डॉलरच्या वरच्या जमीन मूल्यावर ०.१४ टक्के. पैसे वेगळ्या फंडात जातात, त्यातून भविष्यातले मोठे रोड, नदीकाठ, मोठ्या बागा यांच्यासाठी राखलेली जमीन घेतात. रोड बांधायला तो फंड नाही, जमिनीसाठीच. प्लॅन आधी अन् पैसा नंतर बघू, असं केलं नाही, दोन्ही एकाच चार वर्षांत केलं. मी इथे रोज जातो तो फ्रीवे रुंद करायला अजून जागा आहे, मधे मोकळी पट्टी आहे, कोणाचं घर पाडायचं काम पडत नाही. मला नागपूरची आठवण येते तेव्हा महालातल्या गल्ल्यांसोबत हे पण डोक्यात येतं.

इतवारी_भाऊ

पण भाऊ आमच्यावर अजून एक कर? रजिस्ट्रीला आधीच स्टॅम्प ड्युटीवर १ टक्का मेट्रो सेस चालू आहे. घरटॅक्स आहे, त्यात वेगवेगळे उपकर. इतवारीच्या माणसानं बेसा-पिपळ्याच्या रोडसाठी काहून भरायचं? रोड झाल्यावर भाव ज्याचा वाढतो त्यानं भरावं.

मानेवाडा_ताई

भाऊ, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. ज्याचा भाव वाढतो त्यानं भरावं, हे शंभर टक्के. पण आज कोण भरून राह्यलं ते पण बघा. आज तो रोड आमच्यासारखी रेषेखालची माणसं भरून राह्यली आहेत, पंचवीस वर्षं, व्याजाशिवाय, पावतीशिवाय. बाबांचे अकराशे फूट शहरानं न घेता अडवून ठेवले, म्हणजे बाबांनी शहराला दिलेलं बिनव्याजी कर्जच ते. रेषेच्या शंभर फूट पलीकडच्या माणसाचा भाव रोडच्या नावानं वाढला, तो काहीच भरत नाही. मी कर वाढवा म्हणत नाही. विकास शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळेस घेतातच, १९९२ पासून कायद्यात आहे, प्रीमियम एफएसआयचे, म्हणजे महापालिकेला पैसे भरून घेतलेल्या जास्तीच्या बांधकामाचे, पैसे येतात. त्यातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात टाका अन् ते खातं रोडखालच्या जमिनीशिवाय कशालाच उघडू नका. एवढंच म्हणते. पतसंस्थेत राखीव निधीला हात लावला तर ऑडिटर आम्हाला सोडत नाही.

इतवारी_भाऊ

वेगळं खातं असेल तर माझी हरकत नाही.

महालकर

शहराच्या आतलं पण सांगतो, सगळं कडेचंच चालू आहे. जुना भंडारा रोड, मेयो रुग्णालयापासून सुनील हॉटेलपर्यंत, १८ मीटर करायचा हे २००० च्या प्लॅनमधलं. वीस वर्षांच्या वर गेली जमिनीतच. तिथे सगळी दुकानं, वर घरं, भाडेकरू तीन पिढ्यांचे. मोबदला मालकाला, मग भाडेकरूचं काय? ज्याच्या दुकानाची समोरची दहा फुटं जातात त्याचं दुकान उरतच नाही. अशा ठिकाणी मनपाच्या एकटीच्या खिशातून होत नाही, राज्याचा मोठा वाटा लागतो, अन् राज्याचा पैसा हप्त्यानं येतो. हप्ता येईपर्यंत रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी दर) बदलतो, पुन्हा नवीन मूल्यांकन.

आमच्या ओळखीतले एक काका तिथे पंधरा वर्षं दुकानाला रंग देत नव्हते. जाणारच आहे तर कशाला, म्हणून. छत गळायचं. ही किंमत कुठल्याच मूल्यांकनात धरत नाहीत.

मानेवाडा_ताई

अगदी. आमच्या प्लॉटला कंपाऊंड पण नाही घातलं बाबांनी.

टीडीआरबद्दल कोणी नीट सांगेल का? आम्हाला एका ठिकाणी सांगितलं की टीडीआर घ्या अन् मोकळे व्हा. बहिणी तयार आहेत. मला कळत नाही घेऊन करायचं काय.

आकडेमोड_सीए

सांगतो. २०१६ च्या धोरणापासून दाट वस्तीच्या बाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर, दाट वस्तीत तिप्पट. आताच्या यूडीसीपीआरमध्येही, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत, तेच आहे. तुमचे ११०० फूट दिले तर २२०० फुटांचं विकास हक्क प्रमाणपत्र, ज्याला डीआरसी म्हणतात. ते तुम्ही बिल्डरला विकायचं, तो दुसऱ्या प्लॉटवर जास्तीचं बांधकाम चढवतो.

पण २२०० म्हणजे कुठेही २२०० नाही. जमीन दिली तिथला रेडी रेकनर अन् वापरली तिथला, यांचं प्रमाण लागतं. तुमच्याकडे दर २००० आणि धरमपेठेत समजा ८०००, तर तिथे ५५० फूटच चढतील. त्यामुळे बिल्डर फुटाचा भाव त्या हिशोबानं सांगतो, फसवतोय असं नाही. दुसरं, रस्ता जितका रुंद तितकाच टीडीआर चढवता येतो, अरुंद गल्लीतल्या प्लॉटला फारसा उपयोग नाही. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, बिल्डरला जास्तीचं बांधकाम दोन दुकानांतून मिळतं. एक तुमच्याकडून टीडीआर, दुसरं थेट महापालिकेकडून प्रीमियम भरून. म्हणजे जी संस्था तुम्हाला पैशाच्या ऐवजी टीडीआर देते तीच बाजारात तुमची स्पर्धक आहे. प्रीमियम स्वस्त तेव्हा तुमचा कागद स्वस्त. मुंबईत जमीन इतकी महाग आहे की तरी टीडीआर विकला जातो. आपल्याकडे अजून कडेला मोकळी जमीन मिळते, बिल्डरला उंच जायची तेवढी घाई नाही.

म्हणून टीडीआर फुकट नाही हे समजून घ्या. शहरानं नोटा छापल्यासारखं आहे. थोड्या छापल्या तर चालतात, सगळ्या रोडांना त्याच दिल्या तर त्यांची किंमत घसरते आणि मग जमीनमालकच नको म्हणतो.

ताई, तुमच्यासाठी व्यवहारी सल्ला, तीन-चार बिल्डरांना आधी दर विचारा, लेखी घ्या, मग बहिणींशी बसा. दुसरं, उरलेल्या १३०० फुटांवर दिलेल्या जमिनीचा एफएसआय तिथेच वापरता येतो का हे आर्किटेक्टला विचारा. रोडखाली गेलेल्या जमिनीचा एफएसआय उरलेल्या प्लॉटवर घ्यायची सोय आहे, अन् समोर २४ मीटरचा रोड असला तर बऱ्यापैकी बांधता येईल.

मानेवाडा_ताई

हे तिथेच वापरायचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच विचारते. खूप आभार.

कोथरूडचा_नागपूरकर

नोकरीमुळे पुण्यात आहे. पैसा न ठेवता रेषा काढली की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण इथे आहे. एचसीएमटीआर, शहराच्या आतून फिरणारा साधारण ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, १९८७ च्या प्लॅनमध्ये दाखवला. अजून झालेला नाही. रेषेखालच्या सोसायट्यांची एक पिढी तिथे म्हातारी झाली.

अन् उलट उदाहरण अहमदाबादचं. सरदार पटेल रिंग रोड, ७६ किलोमीटर. तिथल्या प्राधिकरणानं रोडपुरती पट्टी न घेता दोन्ही बाजूंनी टाऊन प्लॅनिंग स्कीम टाकल्या. टीपी म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रोड, बागा, शाळा काढायच्या, उरलेलं सगळ्यांना चौकोनी प्लॉट करून परत. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात १५ टक्के रोडला, ५ बागांना, ५ शाळा-दवाखान्यांना आणि १५ टक्के प्राधिकरणाला विकायला, असं प्रमाण दिलेलं आहे. ते विकून सोयींचा खर्च निघतो. एकाची पूर्ण जमीन जाते अन् शेजाऱ्याचं सोनं होतं, हे होत नाही. प्रत्येकाचं थोडं जातं, प्रत्येकाचं वाढतं. ताईंच्या बाबांवर जो अन्याय झाला तो मुळात एकट्यावर पडला म्हणून झाला असं मला वाटतं. आणि टीपीचा कायदा आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१५ पासून होता, एमआरटीपीतही आहे. वापरला कमी.

खसरा_नंबर

टीपी चांगली पण ती रिकाम्या शेतावर जमते. ज्या ठिकाणी दीडशे घरं झाली तिथे कोणाचं घर सरकवणार? मानेवाड्याला आता टीपी नाही जमत. बाहेर, एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत अजून वेळ आहे. तिथला प्लॅन २०१८ ला मंजूर झाला, म्हणजे दहा वर्षं २०२८ च्या आसपास भरतात. मग तिथूनही १२७ च्या सूचना सुरू होतील. घाई आता केली पाहिजे.

धंतोलीचा_वकील

काकांच्या मुद्द्याला जोडून. पैसे न देता नुसती रेषा मारून बांधकाम अडवायचं, हे अमेरिकेतही करून पाहिलं. नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८७ चा एक कायदा होता, हायवेच्या मार्गाचा नकाशा नोंदवायचा आणि त्यातल्या जमिनीवर परवानगी थांबवायची, नकाशाला मुदत काही नाही. लोक वर्षानुवर्षं अडकले, घर विकता येईना. २०१६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा नकाशा नोंदवणं म्हणजेच जमीन घेणं आहे, मोबदला द्या. २०१९ ला कायदाच रद्द झाला. पैसे वाचवायला म्हणून जे केलं त्याचं बिल तीस वर्षांनी एकदम आलं.

आपल्या १२७ मध्ये निदान मुदत तरी आहे. पण मधल्या वर्षांचं भाडं किंवा व्याज काहीही नाही. ते असावं असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांनंतर दरवर्षी बाजारभावाच्या काही टक्के मालकाला द्यावे लागले, तर नको असलेल्या रेषा प्रशासन आपणहून पुसेल.

काटोलरोड_संत्रा

राम राम मंडळी. मी शेतकरी आहे, धागा सगळा वाचला. माह्या वावरातून पण एका प्रस्तावित रोडची रेषा जाते, पंचेचाळीस मीटर रुंद अन् माह्या वावरात लांबी दीडशे मीटर. दीड-पावणेदोन एकर होते. समृद्धीच्या वेळेस हिंगण्याकडच्या नातेवाइकांचं पाह्यलं. तिथं आधी लँड पूलिंग म्हणत होते, जमीन द्या अन् नव्या गावात प्लॉट घ्या, लोकांनी नाही म्हटलं, मग थेट खरेदी आली, मोबदल्याच्या वर २५ टक्के. तेव्हा लोकांनी सह्या केल्या. रजिस्ट्री झाली की थोड्या दिवसांत पैसे खात्यात, कोर्टाची भानगड नाही. शहराच्या लोकांनी पण तसंच केलं तर गाडी अडणार नाही असं वाटते. शेतकऱ्याले रोख अन् वेळेवर पाह्यजे, बाकी तो रोडच्या विरोधात नसते.

माहा सवाल दुसरा आहे. जुना संत्रा मोडला, पंचवीस वर्षांचा होता, डिंक्यानं गेला. आता पावसाळ्यात नवीन लावायचा आहे. सहा बाय सहानं लावला तर रेषेखाली पावणेदोनशे झाडं येतात. झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागते. लावू का नको? लावलं अन् तिसऱ्या वर्षी रोड आला तर? नाही लावलं अन् वीस वर्षं नाही आला तर?

धंतोलीचा_वकील

भाऊ, सक्तीच्या संपादनात झाडांचं मूल्यांकन जमिनीपेक्षा वेगळं होतं, विहिरीचंही. त्यामुळे लावलेलं पूर्ण बुडत नाही. पण लहान, फळ नसलेल्या झाडाची किंमत फार येत नाही. लागवडीचे फोटो तारखेसकट ठेवा, कलमांचं बिल ठेवा, सातबाऱ्यावर पीक पेऱ्यात फळबागेची नोंद करून घ्या. नोंद नसली की भांडण होतं.

आकडेमोड_सीए

आणि ही जमीन आज शेती आहे, एकच मालक, मोबदला थेट. शहराजवळ असा फंड असता तर पहिला चेक तुमच्या वावरासाठीच निघायला हवा होता. तुम्ही विकायला तयार असता का?

काटोलरोड_संत्रा

आज रोख मिळाली तर आजच देतो साहेब, तेवढ्याच पैशात दुसरीकडे तीन एकर घेतो. पण विचारायले कोणी आलंच नाही ना. मी स्वतः दोनदा जाऊन आलो, म्हणे अजून तरतूद नाही.

मानेवाडा_ताई

दादा, चकरांच्या तारखा लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर प्रत्येक वेळी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. बाबांच्या डायरीचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही, शिक्क्याच्या कागदाचा असतो.

आमचं अपडेट, आर्किटेक्टकडे काल गेले होते. उरलेल्या प्लॉटवर रोडखालच्या जमिनीच्या एफएसआयसकट तळमजला अन् वर दोन मजले बसतात म्हणाला, पण आधी मोजणी करून रोडची हद्द जमिनीवर दाखवून घ्या. मोजणीचा अर्ज भरला. खसरा काका, हद्द दाखवताना कोणकोण हजर लागतं?

खसरा_नंबर

चारही बाजूचे लगतधारक, त्यांना नोटीस जाते. तुम्ही तिघी बहिणी अन् आई, किंवा एकीच्या नावे अधिकारपत्र. पार्ट प्लॅनची प्रत सोबत ठेवा, अन् खुणा केल्यावर त्याच दिवशी सिमेंटचे खांब गाडून घ्या, चुना पावसात जातो.

काटोलरोड_संत्रा

मी पण ठरवलं. कलमं बुक केली, रेषेच्या बाहेर पूर्ण संत्रा. रेषेखाली तूर अन् मधात सोयाबीन, दर वर्षी निघते, रोड आला तरी एका हंगामाचंच नुकसान. फक्त विहीर नेमकी रेषेवर आहे, तिचं काय करावं ते समजून नाही राह्यलं, पाणी तिचंच लागते संत्र्याले.

खसरा_नंबर

भाऊ, तुमचा गट नंबर अन् मौजा मला वैयक्तिक निरोपात पाठवा. नकाशावर मोजून पाहू, विहीर खरंच रेषेत येते का. बऱ्याचदा पाच-सात मीटरचा फरक निघते.

काटोलरोड_संत्रा

पाठवला काका.